ओट्याला लागलेली गाडी

त्या पावसाळ्याच्या शेवटी मला स्वप्नात व्हॅन दिसायला लागल्या.

लोकांना स्वप्नात देव दिसतात, साप दिसतात, अभ्यास न झालेली परीक्षा दिसते. मला सरकत्या दाराच्या, सात माणसांच्या, जराशा वापरलेल्या व्हॅन दिसायच्या. गोदावरीच्या पाण्यावरून जराही आवाज न करता त्या यायच्या, रामकुंडाच्या अलीकडे हळू व्हायच्या आणि त्यांचं दार आपसूक सरकायचं. आत कोणी नसायचं. खिडकीचे पडदे तेवढे हलत असायचे. मी आत पाय टाकणार इतक्यात बायको मला हलवून उठवायची.

"पुन्हा तीच?"

"नाही, आज पांढरी होती."

"किती चाललेली होती ते तरी बघितलंत का?"

बघितलेलं नसायचं. स्वप्नातसुद्धा मी गाडीचे पडदेच बघत बसायचो, यावरून पुढच्या सगळ्या प्रकाराचा अंदाज बांधायला हरकत नाही.

गाडी हवी होती माझ्या वडिलांसाठी. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी उभा जन्म पंचवटीत उपाध्येपण केलं. यात्रेकरूंची श्राद्धं, शांती, अभिषेक सगळं केलं, पण त्यांचा खरा जीव वाहनपूजेत. नवी गाडी घेतली की माणूस शोरूममधून थेट आमच्या गल्लीत यायचा. नाना धोतर सावरत बाहेर यायचे, पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ वाढवायचे आणि शेवटी तांबड्या फडक्यात सुपारी गुंडाळून ती स्टिअरिंगच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी बांधायचे. ही सुपारी कुठल्या पोथीत नाही. ती त्यांची स्वतःची भर. गाठ मारून झाली की फडक्याची टोकं ते बोटाने आत खोचत. "टोकं बाहेर राहिली तर ती गाठ नव्हे, बोळा," असं त्यांचं म्हणणं. नाशिकच्या कितीतरी गाड्या नानांची सुपारी पोटात घेऊन आजही फिरत असतील. आमच्या घराची मजल मात्र, मला गाडी चालवता येत असूनही, स्कूटरच्या पुढे गेली नव्हती. त्याचं कारण मी. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करतो आणि दिवसभर इतरांच्या गाड्यांच्या अपघातांचे अर्ज वाचतो. ते वाचून माणसाने स्कूटरही चालवू नये.

ज्येष्ठात नाना न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, हळूहळू ते घरात फिरूही लागले. पण तपासणीला नेताना रिक्षावाल्याने आणि मी त्यांना बगलेत हात घालून, पिंपळगावच्या बाजारात कांद्याची गोणी चढवतात तसं उचललं आणि रिक्षात ठेवलं. ज्या गल्लीने आयुष्यभर त्यांना वाकून नमस्कार केला ती गल्ली दारात उभी राहून बघत होती. घरी आल्यावर नाना वॉकर भिंतीला टेकवून म्हणाले, "यापुढे मी माझ्या पायाने चढेन. नाहीतर चढणार नाही."

त्यानंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत. भाड्याच्या गाड्या आणून पाहिल्या. एक इतकी बुटकी की बसलेला माणूस उठणं अवघड, दुसरी इतकी उंच की शिडी लावावी लागावी. नाना दारातून बघायचे, मान हलवायचे आणि आत जायचे.

कळवणला त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. दर भाऊबीजेला ती एसटीने नाशिकला यायची, पिशवीत करंज्यांचा डबा आणि तोंडात भावाची उणीदुणी घेऊन. यंदा तिला चक्कर येण्याचा विकार जडला. मान वळवली तरी घर फिरतं म्हणाली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. भाद्रपदात तिचा फोन आला. "दादा, या खेपेला माझ्याच्याने यायचं होणार नाही रे."

"मग मी येतो," नाना म्हणाले.

फोन ठेवल्यावर घरात कुणी कुणाकडे बघितलं नाही. वॉकर मधोमध उभा होता. कसे येणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही, त्याअर्थी तो मलाच विचारलेला होता.

नवी गाडी आमच्या ऐपतीत बसत नव्हती. जुनीच घ्यायची ठरली. त्यात पितृपक्ष सुरू झालेला. मी नानांना म्हटलं, "आता पंधरा दिवस थांबावं लागेल."

"का?"

"पितृपक्षात गाडी घेतात का कुणी? तुम्हीच तर लोकांना परत पाठवायचात."

"ते नव्या गाडीचं. जुनीचा मुहूर्त तिच्या पहिल्या मालकाने बघितलेला असतो. आणि आत्ता बाजार पडलेला असतो, गाढवा."

असं हे आमचं धर्मशास्त्र.

बायकोने मात्र शास्त्राबिस्त्राच्या भानगडीत न पडता माझी काळी छत्री घेतली आणि नानांच्या खाटेला उभी लावली. या खाटेवरून ते कुणाचाही हात न धरता उठतात आणि बसतात. खाटेच्या काठाची उंची छत्रीच्या दांड्यावर जिथे आली तिथे तिने मुलीच्या वेणीचं लाल रबर चढवलं. "गाडीची सीट या रबराला लागली पाहिजे. बाकी रंग, पडदे, गाणी, काय बघायचं ते बघा."

त्या रविवारपासून आम्ही भर उन्हात छत्री मिटून गाड्या बघत हिंडू लागलो.

पहिली व्हॅन मुंबई-आग्रा रस्त्याला, जुन्या गाड्यांच्या एका आवारात भेटली. तिला पडदे होते. जांभळे. मी चालकाच्या जागी बसलो, पडदे ओढून घेतले आणि आत जो जांभळा उजेड पसरला त्यात माझं काय झालं ते मला सांगता येणार नाही. मला गंगापूर धरणाचं पाणी दिसलं. संध्याकाळ दिसली. नाना सरकत्या दारात पाय पसरून बसलेत, बायको थर्मासमधून चहा ओततेय, मुलगी मागच्या सीटवर झोपलीय. बाहेरचं जग हळूहळू पुढे सरकू लागलं. पडद्याच्या फटीतून एक झाड गेलं, एक खांब गेला, विक्रेत्याचा चेहरा गेला. किती संथ, किती सुंदर, असं मला वाटलं. मग विक्रेत्याचा आवाज आला.

"साहेब, हँडब्रेक! ओ साहेब!"

जग पुढे जात नव्हतं, मी मागे चाललो होतो. जुन्या टायरांच्या ढिगाने मला अडवलं म्हणून बरं. गाडीला खरचटलं नाही. बायकोने शांतपणे दार सरकवलं, सीटला छत्री लावली आणि विक्रेत्याला म्हणाली, "हातभर उंच आहे. चला हो."

"छत्रीने काय मोजताय, मॅडम?" विक्रेता म्हणाला.

"सासरे," ती म्हणाली.

दुसरी मखमलाबादच्या एका फुलवाल्या शेतकऱ्याची. तो तिच्यातून झेंडू न्यायचा. दसरा तोंडावर होता. दार सरकवलं आणि आतून असा वास आला की मी तिथेच विकला गेलो. कोपऱ्याकोपऱ्यात पाकळ्या अडकलेल्या, छताच्या कापडावर परागांची पिवळी झाक, काचेवर सुकलेलं एक पान. मी म्हटलं, हीच. या गाडीत रोज बसलं तर माणूस कचेरीतून घरी येताना फुलासारखा येईल. मी शेतकऱ्याशी बोलणी सुरू केली, दोन्ही बाजूंनी मन जुळत आलं, तेवढ्यात बायकोने मागून विचारलं, "आम्ही बसायचं कुठे?"

मी बघितलं. मागे सीटच नव्हत्या. करंड्या ठेवायला त्याने त्या कधीच काढून टाकलेल्या होत्या. एवढी मोठी गोष्ट, म्हणजे जवळजवळ सगळी गाडीच, माझ्या नजरेतून सुटली होती.

"काका, सीट कुठेत?" मी विचारलं.

"वट्यावर. म्हातारी बसते त्यावर," तो म्हणाला. "मोडायची नाय ती आता."

दसरा गेला. आमच्या बाजूच्या मळ्यांतून द्राक्षांची छाटणी सुरू झाली, वेली उघड्याबोडक्या झाल्या. नाना रोज संध्याकाळी खिडकीत बसायचे आणि गल्लीतून जाणाऱ्या गाड्यांकडे बघायचे. आत्याचा फोन आला की म्हणायचे, "येतोय, येतोय. गाडीचं काम चाललंय." मग माझ्याकडे बघायचे नाहीत. नुसतं न बघायचे. त्या न बघण्यानं मला कचेरीत अर्ज वाचता येईनासे झाले.

तिसरी गाडी नामपूरला असल्याचं कळलं. मुलीची शाळेची परीक्षा होती, बायको येऊ शकत नव्हती. तिने मला दारात उभं करून सांगितलं, "इंजिन थंड असताना सुरू करून बघा. खालची चटई उचलून पत्रा बघा. दार दहा वेळा सरकवा. कागद बघा. आणि हे सगळं विसरलात तरी चालेल, छत्री तेवढी लावा." छत्री तिने स्वतः माझ्या हातात दिली.

सकाळची एसटी होती. सटाण्याकडे जाताना मक्याच्या गंजी, वाळत घातलेली कणसं, लांब निळसर डोंगर, त्यावर अर्धवट विरघळलेलं धुकं. खिडकीची काच थरथरत होती आणि तिच्यात माझा चेहरा डोंगरावर ठेवल्यासारखा दिसत होता. मी अर्धा जागा, अर्धा कुठेतरी. प्रत्येक वळणावर ती न बघितलेली व्हॅन माझ्यासाठी उभी आहे असं वाटत होतं. नामपूरला उतरलो तेव्हा अंगात असा हलकेपणा आला होता की जणू सगळी ओझी मागेच राहिलीत. राहिली होतीच. छत्री एसटीत राहिली होती.

गाडीचा मालक कांद्याचा लहान व्यापारी, पन्नाशीचा, पांढरी टोपी, बोलणं गोड. माझ्यासाठी तो शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करत होता आणि मधूनच त्याची अहिराणी निसटत होती.

"गाडी भारी शे भाऊ. घरचीच वापरेल. पोरीच्या क्लासला, नाहीतर लग्नकार्याला. माल नाही भरला कधी."

"कुणाकडून घेतलीत?"

"नाशिकना एक साहेब होता. पंचवटीकडला."

माझ्या कानाला पंचवटी शब्द लागला आणि आतली एक घंटा वाजली. मी चालकाच्या जागी बसलो. या वेळी शहाणपणाने हँडब्रेक तपासला. तो तपासायला वाकलो आणि मला ते दिसलं.

स्टिअरिंगच्या खाली, वायरींच्या मागे, अंधाऱ्या जागी एक तांबडं फडकं. त्याची लहानशी पुरचुंडी. घट्ट गाठ. आणि टोकं आत खोचलेली.

नाना! नाशिकची गाडी, पंचवटीचा मालक, आणि ही गाठ. कितीतरी वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत, आमच्याच दारापुढे ही उभी राहिली असेल. मी शाळेतून येऊन हिच्या नारळातलं खोबरं खाल्लं असेल. ती गावोगाव फिरली, हातोहात गेली आणि आता नानांना न्यायला परत निघालीय. मी वाकून त्या पुरचुंडीला कपाळ टेकवलं. मग डोळे टेकवले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकं पाणी मला लग्नातही आलं नव्हतं.

"भाऊ, ते काय शे ना..." मालक खिडकीतून म्हणू लागला.

मी हात वर केला. "काही बोलू नका. मला माहीत आहे ते काय आहे."

आलेलं गिऱ्हाईक रडतंय म्हटल्यावर कुठला व्यापारी मध्ये बोलेल?

सौदा जागच्या जागी झाला. चटई उचलली नाही, इंजिन आधीच तापलेलं होतं, दार एकदा सरकवलं तेही स्वतः उतरायला. कागद मात्र पाहिले. विम्याच्या कचेरीतल्या माणसाचा हात आपोआप कागदाकडे जातो. बायकोला फोन लावला.

"छत्री लावलीत?"

"छत्रीची गरज नाही," मी म्हटलं. माझा आवाज अजून ओला होता. "नानांनीच ही गाडी आधी बघून ठेवलीय."

"तुम्ही जेवलात का?" तिने विचारलं. मी काहीतरी भलतं बोललो की ती आधी हेच विचारते.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो की गाडी मला, सांगता येत नाही. उन्हं कलली होती. देवळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि इंजिन असं एका लयीत गुणगुणत होतं की मला नानांचा पाठ चालल्यासारखा ऐकू येत होता. घरी पोहोचलो तर नाना खिडकीत. मी ती पुरचुंडी अलगद सोडवून दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन आत गेलो.

"ओळखा," मी म्हटलं.

नानांनी चष्मा लावला. गाठ उलटीसुलटी केली. "ही माझी नाही."

"टोकं बघा ना. आत खोचलीत."

"टोकं खोचलीत, पण गाठ डावखुऱ्या माणसाची आहे. आणि हे कुणाच्या तरी ब्लाउजचं कापड आहे. मी कोरं फडकं वापरतो." त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि झटकन लांब केली. "अरे, तंबाखू आहे ही!"

बायकोने गाठ सोडली. आत तंबाखूची पानं, चुरगाळलेली, अजून चांगली झणझणीत. उंदीर गाडीत शिरून वायरी कुरतडतात, त्यांना वास सहन होत नाही म्हणून लोक असं बांधून ठेवतात, हे मला कचेरीतल्या कितीतरी अर्जांमुळे माहीत असायला हवं होतं. मालक बिचारा तेच सांगत होता.

"तुम्ही याला नमस्कार केलात?" बायकोने विचारलं.

"डोळेसुद्धा लावले."

"म्हणून लाल आहेत होय!"

नाना हसायला लागले. ऑपरेशननंतर ते असं पहिल्यांदाच हसले. हसता हसता खुबा दुखला म्हणून थांबले आणि पुन्हा हसले. "उंदरांच्या देवाला नवस बोलून आलास की काय रे?"

"निदान वायरी तरी शाबूत असतील," बायको म्हणाली आणि टॉर्च घेऊन गाडीकडे गेली. तिने तंबाखूची पुरचुंडी पुन्हा होती तिथे बांधली, चटई उचलली, पत्रा ठोकून बघितला, दार दहा वेळा सरकवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिन सुरू केलं, ते पहिल्या किल्लीला लागलं. गाडी खरंच चांगली निघाली. माझ्या मूर्खपणाला एवढं चांगलं फळ का यावं, याचं तिला जरा वाईटच वाटलं.

पण छत्री नव्हती. मग तिने कुंच्याच्या दांड्यावर खाटेची नवी खूण केली, दांडा सीटला लावला आणि माझ्याकडे बघितलं. सीट वीतभर उंच होती.

वीतभर. म्हणजे नानांना टाचा उचलून मागे रेलावं लागणार, कुणीतरी उचलावं लागणार. म्हणजे पुन्हा गोणी. दिवाळी आठवड्यावर आलेली.

बायको घरातून पूजेचा पाट घेऊन आली. "यावर उभं राहून बसता येईल, नाना."

नानांचा चेहरा बदलला. "पाटावर पाय देऊ? मी? ज्या पाटावर देव मांडले त्यावर?"

"मग प्लास्टिकचं स्टूल?" मी म्हटलं. स्टूल आणलं. ते माझ्या वजनाने डुलायला लागलं. विटा आणल्या, त्या नानांनीच नाकारल्या. "चितेला लावतात तशा दिसतात," म्हणाले.

तो आठवडा मी व्हॅनकडे बघितलं की ती माझी नजर चुकवतेय असं वाटायचं. स्वप्नात ती पाण्यावरून यायची, पण आता थांबायची नाही, नुसती पुढे निघून जायची.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी ती धुवायला बाहेर काढली होती. परत लावताना मागचं बघायला मान वळवली, पुढचं विसरलो, आणि गाडी सरळ आमच्या दारातल्या दगडी ओट्याला जाऊन चिकटली. चाक आणि पत्रा दगडाला घासल्याचा लांबलचक आवाज झाला. बायको धावत आली.

"ओट्यालाच लावलीत! अहो, ओटा काय आज उगवलाय का तिथे?"

मी गाडी पुढे घ्यायला गिअर टाकला.

"थांब," खिडकीतून नाना म्हणाले. "हलवू नकोस."

वॉकरची टकटक ऐकू आली. नाना दारातून बाहेर ओट्यावर आले. आमचा ओटा जुना, बुटका, वीतभर उंचीचा. त्यांनी बाहेरूनच दार सरकवलं. मग हळूच पाठ फिरवली, वॉकरवरचे हात एकेक करून सीटच्या कडेवर नेले आणि बसले. जसे खाटेवर बसतात तसे. पाय एकेक करून आत घेतले. गल्लीत समोरच्या दारातल्या काकू कंदील लावत होत्या, त्या हात जोडून उभ्या राहिल्या. नानांनी आतून हात वर करून आशीर्वाद दिला, जणू रोज याच गाडीतून जाणं-येणं असल्यासारखा.

"घासला किती रे पत्रा?" त्यांनी विचारलं.

"बराच."

"असू दे. खूण राहील, कुठे लावायची याची."

पुढचे दोन दिवस मी नावाडी झालो. गाडी गल्लीतून आत आणायची, हळूहळू ओट्याला लावायची, हात बाहेर काढून दगड चाचपायचा. बायको दोन्ही हातांनी "या, या, या" करत उभी. नाव काठाला लागते तसा एक मऊ धक्का बसला की जमलं. पाडव्याच्या दिवशी नानांनी माझ्याकडून गाडी पुसून घेतली, ओट्यावर खुर्ची टाकून तिची पूजा केली आणि कोऱ्या तांबड्या फडक्यात सुपारी बांधून स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिली. "तंबाखूच्या शेजारीच बांध," म्हणाले. "दोघांनी मिळून सांभाळू देत."

भाऊबीजेला आम्ही निघालो. नाना मधल्या सीटवर खिडकीशी, नवं उपरणं, मांडीवर आत्यासाठी घेतलेली शाल. दिंडोरीचे मळे गेले, सकाळच्या उन्हात अजून ओले. नाना प्रत्येक पाटी वाचत होते. गाडीतल्या गाडीत मला ते लहान होत चालल्यासारखे वाटले. वणी आली, उजव्या हाताला सप्तशृंगीचा डोंगर निळा उभा राहिला, नानांनी हात जोडले, मुलीनेही जोडले. मी आरशातून त्या दोघांकडे बघत होतो, सगळं कसं जमून आलंय असं वाटत होतं. आणि तेवढ्यात, कुणी गार पाणी अंगावर ओतावं तसं, माझ्या लक्षात आलं.

चढायचं जमलं होतं. आत्याकडे उतरायचं कसं?

आत्याचं घर रस्त्याच्या सपाटीला. ओटा नाही, पायरी नाही. चार दिवस आम्ही आमच्या ओट्यावरच सराव केला होता. मी आरशात बायकोकडे बघितलं. तिने डोळे मोठे केले, म्हणजे तिच्याही तेव्हाच लक्षात आलं होतं. मी गाडी चालवत राहिलो.

"तिच्या दाराला ओटा नाही," मागून नाना शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या बहिणीचं घर आहे. मला नाही माहीत असणार?"

"मग आधी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू निघाला असतास का?"

मी निघालो नसतो. मी ओटेवालं दुसरं घर शोधत बसलो असतो, आणि ते मला स्वप्नात दिसलं असतं.

कळवणला पोहोचलो तेव्हा आत्या दारात उभी होती. एक हात चौकटीला, दुसरा सुनेच्या खांद्यावर. मी गाडी दाराला जितकी लावता येईल तितकी लावली आणि सरकतं दार उघडलं. भाऊ आत उंचावर बसलेला, बहीण खाली उभी.

"उतर ना रे दादा. पाट मांडलाय."

"उतरता येत नाही गं. याने चढायचं तेवढं शिकवलंय."

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं, आणि तिचा तो जुना, खट्याळ चेहरा परत आला. "देव्हाऱ्यात बसल्यासारखा बसलास की! नैवेद्य दाखवू का?"

"दाखव. पण आधी ओवाळ."

मग सुनेने रांगोळीचा डबा आणला. पाटाभोवती काढतात तशी रांगोळी तिने आणि माझ्या मुलीने रस्त्यावर काढली, सबंध गाडीभोवती, चाकं आत घेऊन. जाणारे टेम्पो हळू होऊन वळसा घालत होते. आत्याने ताट घेतलं. सुनेने तिचा कोपर धरला. निरांजनाची ज्योत गाडीच्या अंधाऱ्या पोटात वर-खाली फिरली, काचांतून तिची चार-पाच प्रतिबिंबं तिच्या मागे फिरली. कुंकू लावायला आत्याचा हात पोचेना, तेव्हा नानांनी दाराची कड धरली आणि स्वतः पुढे वाकून कपाळ खाली आणलं.

"वाकायला लागलास," आत्या म्हणाली.

"एरवी नाही वाकत," नाना म्हणाले.

ताटात शाल गेली, डब्यातून करंजी आली. आत्यासाठी खुर्ची आणून उघड्या दाराला टेकवून ठेवली. ती तिच्यावर बसली, तिचा एक हात गाडीच्या आत, नानांच्या गुडघ्यावर. बायको आणि मुलगी घरात गेल्या. मी चालकाच्या जागीच बसून राहिलो, कुणी हाकलेपर्यंत. मागून दोन म्हातारे आवाज येत होते, कुठल्याशा विहिरीचे, कुठल्याशा पडलेल्या दातांचे, कुणी कुणाची पाटी फोडली त्याचे. ऊन रांगोळीवरून सरकत होतं. माझे डोळे मिटायला लागले.

"दादा," आत्या एकदम म्हणाली, "गाडी चालू झाली का रे?"

तिची मान वळली असावी. घर फिरायला लागलं असावं.

"हो," नाना म्हणाले. "निघालो आपण. घट्ट धर."

"कुठे रे?"

"बघू. जाऊ थोडं पुढे."

मी डोळे न उघडताच हात खाली नेला आणि हँडब्रेक चाचपला. ओढलेला होता.